तीन थापा आणि रोडगे: एका अर्धवट जॅमच्या मागे अकोला ते परतवाडा

मी पुण्यात दातांची डॉक्टर आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाला दोन त्रास होतात. एक दाताचा, दुसरा माझ्या संगीताचा.

मला लाइव्ह रॉकचं वेड आहे. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या गाण्यांचं नव्हे. गर्दीत कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेल्या खरखरीत रेकॉर्डिंगचं. स्टुडिओतलं गाणं म्हणजे पासपोर्टचा फोटो आणि लाइव्ह म्हणजे लग्नाच्या पंगतीत तोंडात जिलबी असताना काढलेला फोटो. कामाला पहिला येतो, पण माणूस कसा आहे ते दुसऱ्यात दिसतं. आणि माझा खरा जीव जॅममध्ये. गाण्याची दोन कडवी होतात आणि मग वाजवणारे ठरलेली वाट सोडून थेट रानात घुसतात. कुठे निघालोय ते त्यांनाही ठाऊक नसतं. एकानं काही वाजवायचं, दुसऱ्यानं ते उचलून भलतीकडेच न्यायचं, तिसऱ्यानं आडवं पडायचं, आणि जॅम चांगला असेल तर सगळं भटकून झाल्यावर सगळेच्या सगळे मूळ सुरावर एकत्र घरी येतात. त्या घरी येण्याच्या क्षणासाठी मी अर्धा तास बसून राहू शकते. रूट कॅनालला तर जॅमसारखं संगीत नाही, कारण दोन्ही कधी संपणार ते पेशंटला कळत नाही.

माझ्यासारख्या मूठभर वेड्यांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या नाशिकच्या एका मित्राला काही वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडे कॅसेटींचं एक खोकं मिळालं. त्यातल्या एकीवर बॉलपेननं लिहिलं होतं, 'ब्लॅक कॉटन, परतवाडा, रोडगे'. ब्लॅक कॉटन हा नव्वदच्या दशकातला अमरावतीच्या इंजिनीअरिंगच्या पोरांचा बँड, एवढं आम्ही शोधून काढलं. सिव्हिलची पोरं असणार, 'ब्लॅक कॉटन सॉइल' हे काळ्या मातीचं पुस्तकी नाव बँडला दुसरं कोण देणार? रेकॉर्डिंग पिंपात बसून ऐकल्यासारखं आहे. पण त्यावर एक जॅम आहे, आणि तो जॅम मी ऐकलेल्या जगातल्या सगळ्या जॅमांत वरच्या पाटावर बसतो.

शेवटाकडे गिटार चढत चढत जाते. आता ही घरी वळणार असं वाटत असतानाच ड्रमवाला सगळी कलाकुसर सोडून तीन सरळ, जाडजूड थापा मारतो. धप. धप. धप. गिटार त्या थापांकडे ढुंकूनही न बघता आणखी उंच उडी घेते, आणि खट्! कॅसेट संपते.

त्या तीन थापांवर आमच्या ग्रुपनं जेवढं लिहिलंय तेवढं विद्यापीठात ज्ञानेश्वरांवर लिहिलं गेलं नसेल. एकाच्या मते ते मृत्यूचं दार वाजणं आहे. मी स्वतः त्याला 'मौनाकडे बोलावणं' म्हटलं होतं आणि त्यावर अंगठे पण मिळाले होते. पण पुढे काय झालं? तो जॅम घरी आला की नाही? हे एक कुसळ माझ्या मनात वर्षानुवर्षं रुतून होतं.

आता माझा नवरा. अविनाश जन्मानं अकोल्याचा, पण तीस वर्षं पुण्यात मुरलेला. गाणं चार मिनिटांच्या वर गेलं की तो 'हे अजून तेच आहे का?' असं विचारतो. तर एका रविवारी मी हीच टेप मोठ्यानं लावली होती. टेपवर मध्येच एका बाईचा खणखणीत आवाज येतो, "आर पाह्य जरा, वरचे रोडगे पलटव." अविनाश अर्ध्या अंघोळीतून, डोक्याला साबण तसाच, बाहेर आला.

"अगं, हे रोडगे म्हणजे खायचे रोडगे आहेत!"

आम्ही सगळे पुणेकर आणि नाशिककर इतकी वर्षं रोडगे हे बासवाल्याचं आडनाव समजत होतो. ग्रुपवर 'रोडगेंचा बास किती संयमी आहे' अशी चर्चाही झाली होती. ते जाऊ दे.

अविनाशनं ओल्या हातानंच अकोल्याच्या मावसभावाला फोन लावला. आम्ही चार वर्षं इंटरनेटवर जे शोधत होतो ते राजूनं चहा गार व्हायच्या आत शोधून दिलं. गिटारवाला दिलीप अकोल्यातच आहे, ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. ड्रमवाला गजानन परतवाड्याला, संत्र्याचा व्यापारी. "पण दोघाइले एकाच वेळी बोलावू नका," राजू म्हणाला. "त्या रोडग्याच्या दिवसापासून बोलत नाहीत ते."

म्हणजे जॅमचा शेवट आणि दोस्तीचा शेवट एकाच दिवशी झाला होता. मी तिकिटं काढली. अविनाशनंही काढली, मात्र त्याचं कारण रोडगे होतं हे इथे नोंदवून ठेवते.

तुम्हाला जायचं असेल तर पौषात जा. उन्हाळ्यात अकोल्याला जाण्याचा सल्ला मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. थंडीत मात्र सकाळी शाल आणि दुपारी सुती कुडता, असं छान हवामान असतं. पुण्याहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी शेगावला खिडकीतूनच कचोरी मिळते. ती मिरचीसकट खा, मिरची बाजूला काढणाऱ्याकडे तिथे दयेनं बघतात. भाषेबद्दलही एक सूचना. भुसावळपर्यंत अविनाश 'मला चहा हवाय' म्हणत होता. मलकापूरला 'मला चहा पाह्यजे' झालं. शेगावला त्यानं फलाटावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "ओ भाऊ, मले दोन च्या देजा!" तीस वर्षांचं पुणं एका रात्रीत धुऊन निघालं.

दिलीपभाऊंचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. बाहेर काळ्या पाइपांची वेटोळी आणि आत एक सडपातळ, टक्कल पडलेला, चष्म्यावरून बघणारा गृहस्थ. मी एका दमात सगळं सांगितलं: टेप, ग्रुप, जॅम. ते ऐकून घेत होते आणि मध्येच गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवत होते. शेवटी म्हणाले, "पुण्याहून याच्यासाठी आल्या तुमी? घरचे काही बोलत नाहीत?"

"घरचे हे बसलेत," मी अविनाशकडे बोट दाखवलं. अविनाश समोरच्या गाडीवरची आलूभजी खात होता.

मी फोन पुढे केला. "ऐकता?"

"नाही." त्यांनी फोन हळूच माझ्याकडे सरकवला. "मले माहीत आहे काय झालं ते. गज्जूच्या आत्याचं वावर. तिनं सांगतलं होतं, रोडगे होईस्तोवर वाजवा. रोडगे काही होत नव्हते, म्हणून आमी वाजवतच राहिलो. मले डोळे मिटून वाजवायची सवय. असा वाजवला असा वाजवला मी त्या दिवशी, की आयुष्यात तसं पुन्हा नाही. आन् डोळे उघडले त समोर कोणी नाही. फक्त सतरंजी. सारी पब्लिक पंगतीत. बासवाला पंगतीत. आन् माझा ड्रमर, माझा जिगरी दोस्त, पत्रावळ घेऊन वांग्याची भाजी ओरपून राहिला! सतरंजीवर एक कुत्रं होतं. ते बी माझ्याकडे पाहून उठून गेलं."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गिळलं. चेष्टा करता करता त्यांचा आवाज कुठेतरी बसला होता.

"पण तुम्ही शेवट वाजवलात का?" मी विचारलं. "मूळ गाण्यावर परत आलात?"

"आलो न." त्यांनी पाइपाचा एक तुकडा उगाचच पुसला. "पण मॅडम, ज्याचा शेवट कोणीच ऐकला नाही, तो कार्यक्रम कायचा? घरी बसून वाजवल्यासारखंच ते. मी गिटार उचलली आन् एसटी स्टँडवर निघून आलो. त्याच्यानंतर स्टेजवर चढलो नाही."

ज्या माणसाच्या बोटांनी माझी कित्येक वर्षं सुंदर केली त्याला असं वाटतंय की ते वाजवणं कुणी ऐकलंच नाही, हे मला सहन होईना. मी त्यांना आमच्या ग्रुपबद्दल पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "त्या टेपवर शेवट आहे काय?" मी म्हटलं, नाही. "मंग?" ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. दुपारी मी राजूकडे भाकरी आणि पातोडीचा, म्हणजे आपल्या पाटवडीचा, रस्सा जेवले, पण लक्ष जेवणात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतवाडा. मार्ग सांगून ठेवते: अकोल्याहून दर्यापूर एसटीनं, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे अविनाश अख्ख्या प्रवासात माझ्याकडे असूयेनं बघत होता. दर्यापूरहून अंजनगावमार्गे परतवाडा काळीपिवळी जीपनं. रस्ता काही ठिकाणी गुळगुळीत आणि काही ठिकाणी आपला अंदाज घेणारा. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, वेचणीला आलेला कापूस आणि तुरी. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या ड्रायव्हर करतो.

माझ्या शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काहून चालले परतवाड्याले?"

"गाणं शोधायला," मी म्हटलं.

"कोनाचं कीर्तन हाय काय?"

अविनाशनं त्यांना सगळं वऱ्हाडीत समजावून सांगितलं आणि ड्रायव्हरला पटवून माझा फोन जीपच्या स्पीकरला जोडला. मला मनापासून हे नको होतं. जॅम ही काय जीपमध्ये बारा माणसांबरोबर ऐकायची चीज आहे? सुरुवातीची काही मिनिटं झाली तशीच झाली. मेथीवाल्या बाई म्हणाल्या, "हे अजून सुरू नाई झालं काय?" ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, याच्यात गानं केव्हा येते?" मागून कुणीतरी लग्नातली गाणी लावायची सूचना केली.

आणि तेवढ्यात टेपवरच्या त्या बाईचा आवाज आला. "आर पाह्य जरा, वरचे रोडगे पलटव."

"बाप्पा! हे त आपल्याकडलं हाय!" मेथीवाल्या बाई पुढे सरकल्या. "वाढव रे आवाज."

तिथून पुढे सगळ्या जीपनं तो जॅम कान टवकारून ऐकला. गिटार काय करतेय ते नव्हे, मागे चूल कशी पेटलीय ते. मी ज्याला इतकी वर्षं टेपची खरखर समजत होते ती एका आजोबांच्या मते गोवऱ्यांचा आवाज होता. "आर कमी पडून राहिला त्याइचा," ते म्हणाले. आर म्हणजे निखारे. कुणीतरी टेपवर 'वांग्याले मीठ टाकलं काय' असं विचारतं, त्याला जीपमधल्या तिघांनी उत्तर दिलं. गिटार चढायला लागली तसा ड्रायव्हरनं स्टीअरिंगवर ठेका धरला. तीन थापा पडल्या. खट्! टेप संपली.

"मंग?" अख्खी जीप ओरडली. "झाले काय रोडगे?"

मी म्हटलं, तेच तर बघायला चाललेय. कारण वेगळं असेल, पण माझं दुःख एवढ्या माणसांनी एकाच वेळी कधी वाटून घेतलं नव्हतं. उतरताना मेथीवाल्या बाईंनी मला एक जुडी दिली आणि समजलं तर ड्रायव्हरजवळ निरोप ठेवा म्हणाल्या.

गजाननभाऊ म्हणजे दिलीपभाऊंच्या अडीचपट माणूस. संत्र्याच्या क्रेटांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. दोन्ही हात सतत कशावर ना कशावर वाजत असतात. क्रेटवर, मांडीवर, हिशोबाला आलेल्या माणसाच्या पाठीवर. माझी गोष्ट ऐकून त्यांनी आधी आम्हाला संत्री सोलून दिली. मग म्हणाले, "म्हणजे दिल्यानं तुमाले सांगतलं असन, का मी पळालो."

"पत्रावळ घेऊन बसलात म्हणाले."

"बसलोच! मंग काय करत होतो? पंगत बसली होती. रोडगे आरातून निघाले का निघाले तवाच खावं लागतेत, नाई त दगड होतेत, डोक्यात मारा कोनाच्या. आन् मी का असाच उठलो? इशारा देला त्याले. आमचं ठरेल होतं, बंद करायचं त तीन सरळ थापा. देल्या मी. चांगल्या जोरानं देल्या. त्यानं ऐकलंच नाई. वरून साऱ्याइले सांगते, देल्याच नाई. डोये मिटून कुठं चालला गेल्ता, त्याले माईत."

माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

मृत्यूचं दार. मौनाकडे बोलावणं. त्या तीन थापांचा अर्थ होता, बाबा रे, जेवण झालंय. ग्रुपला हे कसं सांगायचं? अविनाश मात्र इतका हसला की क्रेटवरून पडला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर त्याला पहिल्यांदा माझं संगीत पूर्णपणे कळलं होतं.

गजाननभाऊ हसत नव्हते. "मी उठलो ते चुकलं असन," ते म्हणाले. "पन तो न जेवता गेला. आमच्या वावरातून, आमच्या पंगतीतून, उपाशी. आत्याबाईनं त्याच्यासाठी ताट काढून ठिवलं होतं. आमच्याकडे असं कोनी जात नाई, मॅडम. आत्याबाई अजून मले बोलते, तुया दोस्त उपाशी गेला. त्यानं एक खेप मागं वळून पाह्यलं असतं त मी पाय धरले असते."

तर अशी अडचण होती. एकानं गाणं अर्धवट टाकलं आणि एकानं जेवण. दोघेही आपापल्या धर्मानं बरोबर, आणि दोघेही इतकी वर्षं फुगून बसलेले. मधून मधून लग्नात समोरासमोर येतात म्हणे. एक आहेराच्या रांगेत लागला की दुसरा आइसक्रीमकडे जातो.

संध्याकाळी आत्याबाई भेटल्या. वच्छलाबाई, सगळे वच्छीआत्या म्हणतात. संत्र्याची मोठी बाग स्वतः सांभाळतात आणि आवाज टेपवर आहे तसाच शाबूत आहे. मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. "मीच हावो हे," त्या म्हणाल्या आणि टेप थांबवायला लावली, कारण बाकीचा गोंगाट ऐकायची त्यांची इच्छा नव्हती. मग सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांनी भाच्याकडे हात केला. "लाव त्याले फोन."

"आत्याबाई, मी कसा..."

"तुले कोनी बोलाले सांगतलं? लाव."

फोन स्पीकरवर होता. "कोन, दिलीप काय? मी वच्छीआत्या बोलून राहिली. तू त्या दिवशी जेवला नाई. उद्या ये आन् जेवून जाय. मी मरायच्या आंधी हे निपटवावं लागते का नाई?"

पलीकडून आवाज आला, "गज्जू असन काय तेथी?"

"असन. तोच वाढन तुले." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दिलीपभाऊ आले. दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या सुमाराला त्यांची गाडी आत्याबाईंच्या वावराच्या बांधावर थांबली. मी आणि अविनाश बघत होतो. इतक्या वर्षांचा राग, आता काय बोलतील? गजाननभाऊ क्रेटवरून उठले. दिलीपभाऊंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती जाड झाला बे तू."

"तू त निरा टकला झाला."

झालं. एवढंच. मग दोघेही गोवऱ्यांच्या ढिगाकडे बघत उभे राहिले, जणू त्यासाठीच जमले होते. वऱ्हाडात माफी अशीच मागत असावेत, मला नक्की माहीत नाही.

रोडग्यांबद्दल थोडं. जाड कणकेचे, आत तुपाचा हात फिरवून पदर केलेले मोठाले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. मग राख झटकायची, कापडानं पुसायचे, फोडायचे आणि त्यावर तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हॉटेलात शोधू नका, ती मजा नाही. पौषात परतवाड्याजवळ बहिरमची जत्रा असते, तिकडे रोडगे मिळतील. कुणाच्या वावरात बोलावणं आलं तर मात्र बाकी सगळे बेत रद्द करा. भाजायला वेळ लागतो आणि कितीही घाई केली तरी तो लागतोच. गडबड करणाऱ्याला कच्चा रोडगा मिळतो.

आत्याबाई आरापाशी पाटावर बसल्या होत्या. रोडगे पलटवता पलटवता, आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या दिवशी बी असाच आर कमी होता. म्हून येळ लागला. आन् सारे पळाले जेवाले, आन् हा एकटाच टिंगटिंग करत. मी म्हटलं थांबते केव्हा त वाढीन."

दिलीपभाऊ वळले. "तुमी होत्या तेथी?"

"मंग कोठी जाते? चुलीपासून उठता येते काय?"

"म्हणजे, मी थांबलो तवा... तुमी ऐकलं?"

"मायबाई, कान का घरी ठिवून आली होती मी? पयले जे वाजवलं होतं न तुमी साऱ्याइनं, तेच तू शेवटी एकट्यानं वाजवलं. हयू हयू. मंग थांबला. मी ताट घेऊन उठली त तू दिसतच नव्हता." त्यांनी एक रोडगा बोटानं दाबून पाहिला. "मले काई ते आवडत नाई हो, डोकं उठते. पन आलता तू बरोबर. जेथून काढलं तेथीच आनून ठिवलं."

दिलीपभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पाणी मागितलं. पाणी गजाननभाऊंनी आणून दिलं. मला रडू आलं. जॅम घरी आला होता, आणि एका बाईनं तो ऐकला होता, डोकं उठलं तरी बसून. धूर होताच, त्यामुळे कुणाला सांगत बसावं लागलं नाही.

पाणी पिऊन दिलीपभाऊ गाडीकडे गेले आणि डिकीतून गिटार काढून घेऊन आले. न वाजवायची असती तर कुणी अकोल्याहून परतवाड्यापर्यंत गिटार आणतं का? गजाननभाऊंनी चार क्रेट आणि एक रिकामा गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, समोर मांडला. मी फोन सतरंजीवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

खरं सांगते, सुरुवात वाईट होती. गिटार ठिकाणावर नव्हती, बोटं ती वाट विसरली होती आणि गंज सारखा सरकत होता. बागेत काम करणारी माणसं, शेजारच्या वावरातले दोघं-तिघं येऊन बसले आणि 'सुरू झालं काय' असं विचारू लागले. आणि मग गजाननभाऊंनी क्रेटच्या कडेवर काहीतरी बारीक, तिरकं वाजवलं. दिलीपभाऊंनी ते उचललं. परत दिलं. डोळे मिटले. आणि मी ओळखलं, ही तीच चढण. तीच माणसं, केस सोडून. आता ते आवाज पिंपातून येत नव्हते, समोर हातभर अंतरावर, उन्हात, संत्र्यांच्या वासात येत होते. मी आयुष्यात इतकी रेकॉर्डिंगं ऐकली, पण जॅममध्ये माणसं एकमेकांकडे बघत असतात हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. गजाननभाऊंची नजर दिलीपभाऊंवरून हलत नव्हती.

"झाले रे! बसा!" आत्याबाईंचा आवाज आला.

सगळे उठले. अविनाश तर आधीच बसला होता. पत्रावळी पडल्या, तुपाचं भांडं आलं. मी जागची हलले नाही, कारण गिटार आता घराकडे वळत होती. आणि गजाननभाऊ उठले नाहीत. ते वाजवत होते, घामाघूम, तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं, पण हात चालू. थापा दिल्या नाहीत. इशारा नाही. आज हा माणूस रोडगे दगड झाले तरी उठणार नव्हता.

दिलीपभाऊंनी डोळे उघडले. समोर सतरंजीवर मी आणि माझा फोन, पलीकडे पंगत, आणि शेजारी गज्जू. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग ऐन सुराच्या मध्यात त्यांनी गिटार खाली ठेवली.

"काहून बसला बे? ऊठ. थंडे होऊन राहिले ते."

"आन् गानं?"

"गानं कुठं पळून चाललं?"

"अहो, शेवट!" मी किंचाळले. खरंच किंचाळले, रेकॉर्डिंगवर आहे ते. "दोन मिनिटांचं काम होतं!"

"मॅडम," दिलीपभाऊ पंगतीकडे जाता जाता म्हणाले, "जेवा."

जेवले. चार रोडगे खाल्ले. गजाननभाऊंनी दिलीपभाऊंना वाढलं आणि आत्याबाईंनी स्वतः तूप सोडलं, वाटी उपडी होईपर्यंत. परतीला अमरावतीहून पुण्याची गाडी धरली. स्टेशनवर जायच्या आधी दह्यात भिजवलेला गिलावडा खा, पण आदल्या दिवशी रोडगे झाले असतील तर एकच प्लेट दोघांत घ्या. जीपवाल्या ड्रायव्हरला अविनाशनं फोन करून सांगितलं की रोडगे झाले होते. तो म्हणाला, सांगतो मेथीवाल्या बाईले.

आता माझ्याकडे दोन रेकॉर्डिंगं आहेत आणि शेवट एकातही नाही. ग्रुपवर तीन थापांचा खरा अर्थ मी टाकला. मग ज्यानं मृत्यूचं दार लिहिलं होतं त्यानं रोडग्यांची कृती विचारली. अविनाश नवं रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत ऐकतो. चार मिनिटांची अट गेली. शेवटी आत्याबाई त्याला नावानं हाक मारून तूप घे म्हणतात, त्यासाठी तो थांबतो. मी दवाखान्यात तेच लावते, आणि ते जिथे तुटतं तिथे मला आता चुटपूट लागत नाही. पूर्वी लागायची, फार लागायची.

गेल्या आठवड्यात दिलीपभाऊंचा फोन आला. मी पाठवलेली जुनी टेप त्यांनी अखेर ऐकली होती.

"देल्ल्या हाय हो त्यानं थापा," ते म्हणाले. "तीन. साफ ऐकू येतेत. इतकी वर्षं मी म्हणत होतो, देल्ल्याच नाही." मग म्हणाले, "त्याले फोन करून सांगतलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणे, पुढच्या पौषात ये. पन यावेळी आंधी जेवू, मंग वाजवू." ते हसायला लागले. "मी म्हटलं, येड्या, आधी जेवलो त मंग आपल्याले थांबवन कोन?"